सहाव्या उंदराचा श्वास

"इंदूताई, दोन्ही बाजू सारख्या!" ऋता माझ्या टेबलाशी येऊन जवळजवळ ओरडलीच. हातात सहाव्या उंदराच्या स्कॅनचा प्रिंट होता.

ऋता आमच्या म्हैसूरच्या संस्थेत पीएचडी करत होती. नाशिकची पोर, मराठी स्वच्छ. आम्ही इथले जुने लोक मराठीत सुरू केलेलं वाक्य कन्नडमध्ये संपवतो, त्यामुळे पहिले दोन महिने मी तोंड उघडलं की तिला हसू यायचं. स्कॅनिंग विभाग माझ्याकडे. स्कॅनवर शेवटची सही माझी.

काम थोडक्यात सांगते. पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामिन कमी होतं. ते पकडणाऱ्या पेशींवरच्या जागांना रिसेप्टर म्हणतात. आम्ही उंदराच्या मेंदूची एकच बाजू आजारी करतो. डोपामिन मिळेनासं झालं की त्या बाजूचे रिसेप्टर वाढतात. मग उंदराला भूल देऊन शेपटीतून थोडं किरणोत्सारी द्रव्य टोचायचं. ते रिसेप्टरना चिकटतं आणि पेट स्कॅनर नव्वद मिनिटं त्याची चित्रं घेत राहतो. आजारी बाजू जास्त उजळ दिसते. उपचार लागू पडला, तर दोन्ही सारख्या.

पाच उंदरांत ऋताच्या औषधाचा निकाल काठावर होता. सहाव्यावर सगळं अवलंबून होतं. तिची फेलोशिप संपत आली होती आणि दुसरी तुकडी तयार करायला वेळ नव्हता.

आमचे बॉस डॉ. सुदर्शन चित्र बघून खुर्चीतून उठले. "इतकं क्लीन चित्र आपल्याकडे आलं नव्हतं! आजच रिसर्च पेपरमध्ये घाला."

खरंच नितळ होतं. जिवंत प्राणी भुलीतही थोडा हलतो आणि कडा पुसट होतात. इथे एकही कड पुसट नव्हती. मला कौतुक वाटलं, हे कबूल करते.

सहीसाठी पेन उघडलं आणि मग माझं लक्ष मेंदूच्या मागच्या भागाकडे गेलं. तो लहान मेंदू. तिथे हे रिसेप्टर जवळपास नसतातच. द्रव्य तिथे येतं आणि रक्ताबरोबर धुऊन जातं. शेवटच्या चित्रात तिथे काळोख हवा. तो भाग उजळ होता.

"अय्यो, सुम्ने, जरा गप थांब," मी म्हटलं आणि मिनिटामिनिटाचा आलेख काढला. द्रव्य चढलं, उतरायला लागलं, आणि बाविसाव्या मिनिटाला रेघ आडवी झाली. नव्वदीपर्यंत तशीच. डाव्या बाजूला, उजव्या बाजूला, मागे, सगळीकडे. म्हणजे रक्त थांबलं होतं. दोन बाजूंतला फरक दिसायला लागायच्या आधीच सगळं जागच्या जागी गोठलं होतं.

"असं कसं होईल?" ऋता म्हणाली. "श्वास शेवटपर्यंत चालू होता. मी स्क्रीनसमोरून उठलेही नाही." तिने वही उघडली. दर दहा मिनिटांची नोंद होती. तिसाव्या मिनिटापासून श्वास अठ्ठावन्न. अठ्ठावन्न. अठ्ठावन्न.

रक्त थांबलेला उंदीर अडुसष्ट मिनिटं श्वास घेत होता. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला.

रजिस्टरमध्ये त्या उंदरापुढे 'भुलीतून उठला नाही' एवढंच लिहिलेलं. मी नागराजण्णांना गाठलं. ते जवळच्या वरुणा गावचे, वीस वर्षं आमचे प्राणी सांभाळतात.

"अण्णा, तुम्ही उचललात तेव्हा कसा होता?"

"होट्टे बिसि इत्तु, बेन्नु तण्णगे." पोट गरम होतं, पाठ गार. "शेपूटही गार. आत्ताच मेलेला नव्हता तो, बराच आधी गेलेला, मेडम."

"मग बोलला का नाहीत?"

"फॉर्ममध्ये कुठे विचारलंय?"

फॉर्म मीच केला होता.

परत येऊन श्वासाची नोंद उघडली. उंदराच्या छातीखाली हवेची एक उशी असते. श्वासागणिक ती दबते आणि स्क्रीनवर लाट उठते. बाविसाव्या मिनिटापर्यंत लाटा लहानमोठ्या होत्या. पुढे सगळ्या एका मापाच्या. माझे वडील शिंपी. हाताची शिलाई आणि मशीनची शिलाई यातला फरक मला पाचव्या वर्षी कळत होता. हा श्वास मशीनचा होता.

रबरी हातमोज्यात पाणी भरून गाठ मारली आणि तो उंदराच्या जागी ठेवला. भुलीत उंदीर गार पडू नये म्हणून खाली गरम पाण्याची गादी असते, ती सुरू केली. त्या गादीत पंप पाणी फिरवतो. स्क्रीनवर आधी बारीकशी थरथर दिसली. लाट लहान झाली की सॉफ्टवेअर ती आपोआप मोठी करून दाखवतं. तसंच झालं. लाट वाढली, स्थिरावली. खाली आकडा आला, अठ्ठावन्न.

हातमोजा श्वास घेत होता. ऋता दोन पावलं मागे सरली.

"मी तासभर त्याचा श्वास बघत बसले होते, ताई," ती हळूच म्हणाली. "नीट चाललंय असं लिहीत होते." मग रडली. मी तिला रडू दिलं.

डॉ. सुदर्शन आधी चिडलेच. "श्वास होता ना? मग जिवंत होता."

"सर, श्वास पंपाचा होता."

मी पंप सुरू करून त्यांना हातमोज्याचा श्वास दाखवला. तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, "सहावा काढा. आणि हा पंप आल्यापासूनचे सगळे स्कॅन तपासा."

उरलेल्या पाचांत फरक सिद्ध होईना. ऋताचा प्रबंध 'औषधाचा परिणाम दिसला नाही' असा निघाला. पदवी मिळाली, पण परदेशात मिळू पाहणारी संशोधनाची जागा हुकली. पंप आता वेगळ्या स्टँडवर असतो. फॉर्ममध्ये 'शेपूट गरम की गार' असा रकाना आहे आणि दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी आत जाऊन हात लावून येतं. आत जाणाऱ्याला किरणांचा डोस थोडा जास्त बसतो. बसू दे.

जुने स्कॅन मी एकटीने तपासले, आठ दिवस. आणखी एकच निघाला, ऋता येण्याआधीचा. नवव्या मिनिटापासून रेघ आडवी. तो स्कॅन मी स्वतः केला होता. खाली शेरा माझ्याच अक्षरात होता: 'प्राणी अगदी शांत. उत्तम चित्र.'

भुलीतल्या प्राण्याला मी आता शांत म्हणत नाही. आधी शेपूट धरून बघते.