गळ काढलेले मासे

यांनी उभ्या आयुष्यात मासा खाल्ला नाही की पकडला नाही. तरी मेहकरच्या आमच्या घरात दिवाणाखाली पत्र्याचे चार डबे होते, आणि ते खोट्या माशांनी भरलेले होते. दोरीला बांधून पाण्यातून ओढायचे, म्हणजे खरा मासा फसून झडप घालतो. त्यांना लुअर म्हणतात, हे मला लग्नानंतर बारा वर्षांनी कळलं.

हे पाटबंधारे कचेरीत कारकून होते. मोताळ्याकडे बदली होती तेव्हा धरणावरची एक जुनी कोठी रिकामी करायचं काम निघालं. भंगाराच्या ढिगात यांना एक लाकडी मासा दिसला. बोटभर लांब, हिरवी पाठ, पिवळं पोट, काचेचे डोळे आणि पोटाखाली दोन तीनतोंडी गळ. साहेबांना विचारून तो घरी आणला. तो कुठला, किती जुना, हे शोधता शोधता नादच लागला. मुंबईच्या जुन्या बाजारातून, टपालाने, पुढे फोनवरच्या ग्रुपमधून एकेक मासा येत गेला. शेजारीण म्हणायची, "बामनाच्या घरात मासे!" हे हसायचे.

दुपारी डबे उघडून बसले की मला ऐकावंच लागे. आधी माणसं हाडाचे, शिंपल्याचे मासे करायची. मग धातूचे चमचे आले. कुणा माणसाच्या हातून जेवणाचा चमचा तळ्यात पडला आणि त्यावर मासा धावला, अशी गोष्ट हे सांगत आणि शेवटी म्हणत, "खरी असन का, कोनाले ठाऊक." इंग्रज साहेब आपल्याकडच्या डोंगरी नद्यांत महाशीर धरायला तांब्या-पितळेचे चमचे वापरत, त्यांतले दोन यांच्याकडे होते. पाण्यात गरगरणाऱ्या पात्याची भिंगरी होती. पिसांच्या माश्या होत्या. रबराचे बेडूक उन्हाळ्यात चिकट होऊन एकमेकांना धरून बसत. प्लास्टिकचे मासे हे शेवटच्या डब्यात टाकत. जीव होता तो लाकडी माशांवर.

लाकडी माशाचं वय त्याच्या पोटावरून कळतं, असं हे म्हणत. गळ अडकवायला सर्वांत जुन्यांना नुसता तारेचा आकडा असे. मग रंग खरवडू नये म्हणून आकड्याभोवती छोटी वाटी आली, त्यानंतर पत्र्याची पट्टी. म्हणून मूळचा गळ मूळच्या जागी असेल तरच त्या माशाला मान. गळ बदलला, काढला, की जाणकार माणूस तो मासा हातात घेत नाही.

रिटायर झाल्यावर साखरेने यांचे डोळे नेले. आधी डाव्या डोळ्यात रक्त उतरलं, वर्षभरात उजवाही गेला. इंजेक्शनं झाली, लेझर झालं. उपयोग झाला नाही. मग हे बोटांनी माशाचं पोट चाचपून सांगायचे, "हा वाटीवाला." मी रंग सांगायची. लाल डोकं, पांढरं अंग. पाठीवर खवले. काही महिने असेच बरे गेले.

पण बोटंही मरत चालली होती. चहाचा कप गरम आहे हे यांना कळेना. आकडा कुठला, वाटी कुठली, हे चुकायला लागलं. चुकलं की हे मासा डब्यात ठेवून द्यायचे आणि मी रंग सांगायचं थांबवायची.

एक दिवस जेवायला हाक मारली. हे भिंतीला धरत आले, पाटावर बसले आणि ताटाकडे उजवा हात नेला. मधल्या बोटात लाल मासा लटकत होता. गळ आत गेलेला, रक्त मनगटापर्यंत आलेलं, आणि हे पोळीचा तुकडा मोडत होते.

"हात वर करा," मी ओरडले. "तुमाले काई समजून नाई राह्यलं का?"

"काय झालं?" यांनी विचारलं.

डॉक्टरांनी गळाचं टोक पुढे ढकलून बाहेर काढलं, त्यावरचा उलटा काटा कापला आणि मग गळ मागे ओढला. यांनी हूं केलं नाही. जखम मात्र भरली नाही. काळी पडली. बुलढाण्याच्या दवाखान्यात बोट मुळापासून काढावं लागलं.

मुलगा पुण्याहून आला आणि यांच्याजवळ राहिला. मी कपडे न्यायला म्हणून एक दिवस घरी आले. शेजाऱ्याकडून पक्कड मागून आणली, चारही डबे अंगणात उपडे केले आणि एकेका माशाचा गळ तोडत बसले. काही तुटेनात, ते पिळून उपसले. लाकडाचे टवके निघाले, रंगाचे पापुद्रे उडाले. धरणावरच्या माशाचा एक डोळा निखळून फरशीवर गेला, तो मला सापडला नाही. मी थांबले नाही. खरं सांगते, शेवटी शेवटी मला बरं वाटत होतं.

घरी आल्यावर आठ दिवसांनी यांनी डबा मागितला. मी दिला. चार बोटांनी एक मासा चाचपला, दुसरा चाचपला, मग तिसरा. पोटावरच्या भोकावर अंगठा तसाच राहिला.

"तू काढले?"

"हाव. बोट गेलं तुमचं. उद्या हात गेला असता."

"हात माझा होता."

"इचारलं असतं तर तुमी हो म्हनलं असतं का?"

"नसतं म्हनलं," हे म्हणाले. "इचारायचं तरी."

त्यांनी डबा बंद केला. नागपूरचा असेच मासे जमवणारा एक माणूस दर रविवारी फोन करायचा. त्याला यांनी सांगितलं, "माझ्याजवळ आता काई नाई." मला वेडंवाकडं बोलले नाहीत. हाक मारायचे, पाणी मागायचे, औषधाची वेळ विचारायचे. तेवढंच. मी भांडण काढून पाहिलं, तर म्हणाले, "तुझं बरोबर आहे." त्या तीन शब्दांचा मला अजून राग येतो.

पुढे किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा एस.टी.ने बुलढाण्याला डायलिसिसला जायचो. एकदा येताना चिखलीच्या पुढे हे अचानक बोलले.

"गळ कुठं टाकले?"

"रद्दीत बांधून भंगारवाल्याले देले."

"आत काय आहे, सांगतलं होतं का त्याले?"

सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दीडेकशे गळ मी दोन कागदांत गुंडाळून त्या माणसाच्या हातात दिले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानात गेले. विचारल्यावर त्याने तळहात पुढे केला. अंगठ्याखाली पांढरी रेघ होती.

"लागला होता ना, बाई. दोन गळ घुसले होते. बरं झालं मंग."

मी माफी मागितली. तो म्हणाला, भंगारात असं होतच राह्यते.

घरी येऊन यांना सांगितलं. हे खाटेवर उशीला टेकून बसले होते.

"किती दिवसांत बरं झालं त्याचं?"

"आठ-दहा दिवसांत, म्हने."

"चांगलं आहे रक्त त्याचं," हे म्हणाले, आणि भिंतीकडे कूस वळवून झोपले.

त्यानंतर दीड महिन्याने हे गेले. मधल्या दिवसांत आमचं बोलणं झालं ते औषधाचं, एस.टी.च्या वेळेचं आणि किती पाणी प्यायची मुभा आहे त्याचं. मला माफ केलं होतं का, हे मी त्यांना विचारू शकले असते. हे ऐकू शकत होते, बोलू शकत होते. मी विचारलं नाही.