सवकासकाकीचे रविवार

पायी चालणारी माणसं जिच्या सायकलीला मागे टाकायची, अशी एकच बाई मी आयुष्यात पाहिली. ती म्हणजे आमची सवकासकाकी. मयेच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिची सायकल निघाली की देवळाकडे चाललेल्या बायका तिच्याशी गप्पा मारत बरोबरीने चालायच्या आणि उशीर होतोय असं वाटलं की तिचा निरोप घेऊन पुढे सटकायच्या. इतक्या हळू चालणारी सायकल पडत कशी नाही, हे गावातल्या पोरांना काही केल्या कळत नसे. त्यांनी एकदा तिची नक्कल करून बघितली, तर दोघं सायकलीसकट शेतात. काकी तिथेच पाय टेकून म्हणाली, "धांवप सगळ्यांक येता रे. सवकास वचपाक बळ लागता." 'सवकास' हा शब्द तिच्या तोंडात सतत असायचा, म्हणून तिचं नावच तसं पडलं. खरं नाव बहुधा तिलाही हाक मारल्यावर आठवावं लागलं असतं.

मी तुयेची. लग्न होऊन मयेला आले, तेव्हा माझ्या बाबांनी माझी शाळेतली सायकल बसच्या टपावर टाकून मागोमाग पाठवली. नवरीबरोबर सायकल आली म्हणून सगळं गाव हसलं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ती गोठ्यात नेऊन उभी केली आणि तिच्यावर नारळाच्या सोडणांचा ढीग रचला. "खंय वचपाचें आसा तिका?" एवढंच त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, तेही माझ्यासमोर. विहीर परसात, दुकान समोर, देऊळ हाकेच्या अंतरावर. खरोखरच मला कुठे जायचं नव्हतं. मला नुसतं जायचं होतं, आणि हे सासूला कोणत्या तोंडाने सांगायचं?

सासूबाई वाईट नव्हत्या, हे इथेच सांगून टाकते. शेत, गोठा, देऊळ आणि वर्षातून एकदा शिरगावची जत्रा, एवढ्यावरच त्यांचे पाय आयुष्यभर फिरले होते. कामाशिवाय घराबाहेर पडायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

नवरी बघायला म्हणून काकी आली आणि गोठ्यात जाऊन माझी सायकलच बघत बसली. टायर दाबून बघितला, घंटी वाजवून बघितली, मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "हातांत पिशवी नाशिल्ल्या बायलेक सगळीं विचारतात, खंय वता म्हणून. पिशवी आसल्यार कोण विचारिना." मला वाटलं, थट्टा करतेय. पण दुसऱ्या दिवशी मी जनेलातून रस्त्याकडे लक्ष ठेवून बसले. खरंच की! रिकाम्या हाताने चाललेल्या बाईला प्रत्येक दारातून हाक यायची आणि पिशवीवाली बाई निवांत निघून जायची.

मग काकीने माझी पिशवी शिवायला घेतली. पिशवीत मावणाऱ्या सामानाचं माप तिने घेतलंच नाही, घेतलं ते माझं. मला तिच्या अंगणात तिच्या सायकलीवर बसवलं, हँडलला दोरा लोंबता सोडला आणि पायडल मारायला लावलं. गुडघा दोऱ्याच्या टोकाला लागला की दोरा वर घ्यायची. मग तोच दोरा खांद्यावर टाकून माझा हात पिशवीच्या बुडापर्यंत पोचेल की नाही ते बघितलं. बाहेरून जुन्या पडद्याचं तपकिरी कापड, कारण खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ आमच्याकडे झाडांच्या पानांनाही सोडत नाही. मी पांढरं कापड सुचवलं, तर म्हणाली, "धवी पिशवी पणजेक शोभता." आतून मोडक्या छत्रीचं काळं कापड, म्हणजे ओली भाजी घातली तरी पाणी गळायला नको. खालचे दोन्ही कोपरे चिमटीत धरून आडवी शिवण घातली, त्यामुळे पिशवीला बसकं बूड आलं. बंद जिथे जोडले, तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी दुहेरी टीप. "पिशवी फाटता ती थंयच," पायमशीन चालवता चालवता ती म्हणाली, "आनी तीय भर बाजारांत."

आत एक लहानसा खिसाही होता. तो कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "पिशवी घराक, बोल्स तुका." त्या खिशात मी पेपरमिंटच्या गोळ्या ठेवायचे आणि घरात कोणालाही द्यायचे नाही.

रविवारी ट्रक बंद असत. सहा दिवस ज्या रस्त्यावर जीव मुठीत धरून चालायचं, तो रस्ता त्या दिवशी आमचा. पिशवी बघून सासूबाईंनी अडवलं नाही, तेव्हा मी सोडणांखालून सायकल बाहेर काढली. माडांच्या बागांतून, पोफळींच्या कडेकडेने आम्ही दोघी आपापल्या सायकलीवरून निघायचो. वाटेत दिसेल त्या फाटकापाशी काकी थांबणार, कोणाची गाय व्याली, कोणाचा पोरगा पास झाला ते विचारणार. तिचा नियम एकच. खोटं बोलायचं नाही, पिशवी भरूनच परत यायचं. मग आम्ही लांबच्या पावाच्या भट्टीवरून पोयी, म्हणजे कोंड्याचे पाव, आणायचो. "दारांत येता त्या पोदेराच्यो पोयो कडू?" सासूबाईंनी एकदा विचारलं. "भट्टीवयल्यो गरम आसतात वैनी," काकी गंभीर चेहऱ्याने म्हणाली. गरम पोयी घरी पोचेपर्यंत काकीच्या वेगामुळे गार व्हायच्या, हा भाग वेगळा. पण हळूहळू सासूबाईच सांगू लागल्या, येताना आमसुलं आणा, आळूची पानं आणा. मी आपली मनातल्या मनात खूश.

आणि मग एका रविवारी सगळं फिसकटलं. आम्ही तळ्याकाठी पाण्यात पाय सोडून बसलो होतो. काकी कधी नव्हे ते नवऱ्याबद्दल बोलायला लागली. तो खनिजाचा ट्रक चालवायचा. "खेपेर खेप. जेवपाक बसलो तरी एक पांय भायर. तशेच घायेंत गेलो तो." तिने पाण्यातले पाय हळूच हलवले. "आतां ताच्या वांट्याचें सवकास हांव करतां." मी पिशवीच्या खिशातली पेपरमिंट काढून तिला दिली. ती तिने खाल्ली, मीही खाल्ली, आणि उठलो तेव्हा भट्टी बंद झालेली होती.

घरी आल्यावर सासूबाईंनी पिशवीत पार बुडापर्यंत हात घातला. "रिती?"

"तळ्यार बसलीं," मी खरं ते सांगितलं.

पिशवी खुंटीला गेली आणि दुसऱ्या दिवशी सायकलीवर पुन्हा सोडणांचा ढीग. मी गोठ्यामागे जाऊन रडले. रागही खूप आला. नवऱ्याने मध्ये पडायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तो तसा पडलाही नाही.

काही दिवसांनी काकी दोरा घेऊन आमच्या ओसरीवर आली. मला वाटलं, आता माझी बाजू मांडेल. माझं नावसुद्धा तिने काढलं नाही. "वैनी, हात लांब कर," ती सासूबाईंना म्हणाली.

"कित्याक गो?"

"कर म्हणटां न्हय!"

माप घेतलं, चहा प्यायली आणि गेली. पुढच्या रविवारी ती डाळिंबी रंगाची पिशवी घेऊन हजर. सासूबाईंनी पिशवी उलटसुलट करून बघितली, बंद ओढून बघितले. "ही घेवन हांव खंय वचूं?"

"तेंच पळोवंया," काकी म्हणाली आणि तिने सायकलीच्या कॅरियरवर थाप मारली.

सासूबाईंनी रस्त्याकडे दोन्ही बाजूंनी नजर टाकली. कोणी नव्हतं. मग त्या पिशवी मांडीवर घेऊन अंग चोरून कॅरियरवर बसल्या. मी शेजारून चालत होते आणि तरीही मधूनमधून मला त्यांच्यासाठी थांबावं लागत होतं. तळ्यावर सासूबाई शेकडो वेळा आल्या असतील, म्हशी घेऊन, धुणं घेऊन. बसल्या मात्र कधीच नव्हत्या. त्या दिवशी बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "हें तळें इतलें व्हड आसलें?" येताना सासूबाईंनी स्वतः आळूची पानं खुडून पिशवी भरली आणि घरी आल्यावर माझ्या सायकलीवरची सोडणं आपल्या हातांनी बाजूला केली.

पुढे किती तरी वर्षं आम्ही तिघी जात राहिलो. सासूबाई नेहमी काकीच्याच मागे बसायच्या. माझा तोल त्यांना भरवशाचा वाटत नसे. मग काकीचे गुडघे गेले. मडगावहून तिची मुलगी गाडी घेऊन आली आणि तिला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. गाडीत बसताना ड्रायव्हरला तिने बजावलं, "सवकास मार रे," आणि तो बिचारा गावाबाहेर जाईपर्यंत खरंच तसा गेला. मी फाटकाशी उभी राहून हमसाहमशी रडले. सख्ख्या आईवर करावी तशी मी त्या बाईवर माया केली होती.

त्या रविवारी मी सायकल बाहेर काढलीच नाही. चार वाजता अंगणात बघते, तर सासूबाई माझ्या सायकलीचा कॅरियर पदराने पुसत होत्या.

"चल," त्या म्हणाल्या.

"आई, म्हाका जमचें ना. पडटलीं दोगांय."

"पडल्यार पडूं."

त्या बसल्या आणि सायकल लगेच डुगडुगली. त्यांनी दोन्ही हातांनी माझी कमर घट्ट धरली. इतकी वर्षं एका घरात काढली, पण त्या आधी त्यांनी मला कधी जवळ घेतलं नव्हतं. मला भरून आलं, समोरचा रस्ता धड दिसेना. तळं आलं तरी त्यांनी हात सोडले नाहीत, आणि मीही ब्रेक लावला नाही.