तिसऱ्या लिंबाची वाजवी

कुठलाही आकडा सांगण्याआधी साहेब गळ्यातलं घड्याळ हातात घ्यायचे, त्याची काच शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि म्हणायचे, "आधी बघू की." चहा किती कप मागवू, असं विचारलं तरी हेच. मी वैतागायचो. "अहो साहेब, माणसं चार आहेत, चार कप!" तर म्हणायचे, "माणसं चार हायत खरं. पिणार किती जण, ते बघू की." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सोबत काम करताना डोकं उठवतात, आणि नंतर मात्र आठवत राहतात.

आम्ही दोघं सोलापुरातल्या एका कापडगिरणीत एकाच खोलीत समोरासमोर बसायचो. मी कारकून, ते टाइम-स्टडीवाले. मागापाशी उभं राहायचं, घड्याळ चालू करायचं, सूत कितीदा तुटलं, आडव्या सुताची कांडी बदलायला किती वेळ गेला, ते सगळं टिपायचं आणि एका मागावर एका पाळीत किती मीटर कापड निघायला हवं तो आकडा ठरवायचा, हे त्यांचं काम. आठवड्याच्या सरासरीत आकडा भरला नाही की सोमवारी विणकराला मेमो. तीन मेमो झाले की कायम माणूस बदलीच्या यादीत. म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं आणि आज काम आहे का म्हणून विचारायचं. आता अशा आकडेवाल्यावर कोण कशाला जीव लावेल?

शेडमध्ये मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू यायचं नाही, सगळा कारभार खुणांवर. साहेब दारात दिसले की कुणीतरी मनगटावर दोन बोटं आपटायचा. ती खूण बघता बघता शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची. साहेबांना ते ठाऊक होतं. "नाव ठेवलंय मला, तोंड न उघडता," म्हणून हसायचे. पण जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन ते शेडच्या पायरीवर जाऊन बसले की तिथली माणसं एकेक करून उठायची. मग ते परत येऊन माझ्यासमोर भाकरी सोडायचे. गडी मंगळवेढ्याकडचा, बायकोमुलं गावाकडं, इथं चाळीत एक खोली. नोकरीही अजून हंगामी होती. कायम झालो की बिऱ्हाड आणायचं, हे वाक्य मी दोन वर्षं ऐकत होतो.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतर दोनेक वर्षांनी गिरणीत नवे माग आले. ते बसवायला परदेशातून एक फिटर आला होता. जाताना तो एक नारिंगी प्लॅस्टिकची तबकडी विसरून गेला, का मुद्दाम ठेवून गेला, देव जाणे. ताटलीएवढी, कडा आत वळलेली. आठ दिवस आम्ही तिच्यात शेंगा ठेवून खाल्ल्या. मग एका सुट्टीला साहेब ती घेऊन चाळीमागच्या मैदानात गेले आणि त्यांनी ती भिरकावली. ती तरंगत गेली, वळली आणि कडुलिंबाच्या बुंध्यावर फट्दिशी आपटली. पन्नाशीजवळचा माणूस, पण तोंड असं उजळलं की काय सांगू!

पुढच्या सुट्टीला त्यांनी खेळच मांडला. मैदानात लिंबाची नऊ झाडं होती. नळाच्या कट्ट्यावरून पहिल्या झाडावर तबकडी फेकायची. पडेल तिथून पुन्हा फेकायची, बुंध्याला लागेपर्यंत. मग तिथून दुसऱ्या झाडावर. किती फेकींत झाड गाठलं म्हणजे ठीक, तो आकडा प्रत्येक बुंध्यावर गेरूनं लिहायचा. त्या आकड्याला नाव काय द्यावं, यावर आमचा पाऊण तास गेला. मी म्हटलं, "पास." ते म्हणाले, "ही काय शाळा हाय?" शेवटी त्यांनीच काढलं, 'वाजवी'. ह्या झाडाची वाजवी दोन, त्या झाडाची वाजवी तीन.

वाजवी ठरवायला त्यांनी बोलावलं नरसय्याला. नरसय्या गिरणीतला सगळ्यात चलाख विणकर. घरात तेलुगू, गिरणीत मराठी, आणि जीभ दोन्हीकडं सारखीच गोड. सकाळी सात वाजता साहेबांनी त्याच्याकडून प्रत्येक झाडावर दहा-दहा वेळा फेकून घेतलं, वहीत टिपलं आणि गेरूचा डबा उघडला. तिसरा लिंब मैदानाच्या पश्चिमेच्या टोकाला, एकटा, उघड्यावर. त्याची वाजवी निघाली दोन.

पहिल्या दिवशी निम्मी चाळ जमली. गंमत बघायला का होईना, साहेबांजवळ माणसं येऊन उभी राहिली, आणि त्यांना कुठं बसवू न् कुठं नको असं झालं. पण कुणाचीच वाजवी भरेना. तिसऱ्या लिंबाला कुणाला चार लागायच्या, कुणाला सहा. महिन्याभरात माणसं पांगली. शेवटी एका सुट्टीला नरसय्या एकटाच नऊच्या नऊ झाडं फिरला, तबकडी आणून साहेबांच्या हातात दिली आणि म्हणाला, "एकट्यानं काय खेळायचं साहेब? वर लोक मलाच नावं ठेवतात."

"आकडा तर बरोबर हाय राव," साहेब मला म्हणाले. "मी सोता घेतलाय."

उत्तर दिलं मल्लप्पानं. हा जुना विणकर, अक्कलकोटकडचा. नव्या मागांवर गेल्यापासून त्याला दोन मेमो झाले होते. तिसरा आला की गडी बदलीत जाणार, हे सगळ्या शेडला माहीत होतं. तो नळावर पाणी भरायला आला होता. कळशी खाली ठेवून म्हणाला, "साहेब, रागावू नका. नरसय्याला तुमी बोलावलं सकाळी. पान हलत न्हवतं. आमी पाळी सुटल्यावर येतो चार वाजता. तवा त्या टोकाला वारं किती सुटतंय, कधी उभं राहून बघितलंय का?"

साहेबांनी काच पुसली. "न्हाय," म्हणाले. "बघितलं न्हाय."

आणि मग त्यांनी जे बघायला सुरुवात केली! तीन आठवडे रोज संध्याकाळी, सुट्टीला सकाळीही, वही घेऊन लिंबाखाली. येईल त्याला फेकायला लावायचे. लंगडणारा पहारेकरी, पाळीवरनं दमून आलेले विणकर, मी, बायकासुद्धा. मल्लप्पाच्या बायकोनं पदर खोचला, परात धरावी तशी तबकडी धरली आणि तीन फेकींत लिंब गाठला. नवऱ्याला लागल्या होत्या पाच. त्या संध्याकाळी मल्लप्पा घरी जेवला का नाही, मला माहीत नाही.

सगळ्यांचे आकडे साहेबांनी लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडले आणि बरोबर मधला उचलला. "नरसय्याचा न्हाय आणि तुमचाबी न्हाय," मला म्हणाले. (माझ्या सात लागल्या होत्या. हे सांगायची काही गरज नव्हती.) तिसऱ्या लिंबावर मात्र त्यांनी दोन आकडे लिहिले, सकाळी तीन, दुपारनंतर चार. चाळ हसली. एका झाडाला दोन वाजव्या? "झाड एकच हाय," साहेब म्हणाले, "वारं दोन हायत की."

माणसं परत आली. नरसय्याच लोकांना मनगट कसं ठेवायचं ते दाखवायला लागला, आणि पायरीवरही आता साहेबांचा डबा एकटा नसायचा. मला वाटलं, चला, साहेब एकटेपणातून सुटले एकदाचे.

चैत्र लागला होता. ऊन असं की सायकलची सीट हात लावू देत नव्हती. मल्लप्पानं एका दुपारी वाऱ्यातून चार फेकींत लिंब गाठला. जाऊन बुंध्यावरच्या चारवर त्यानं बोट ठेवलं. मग वळून हळूच म्हणाला, "साहेब, मागाचा आकडाबी तुमी त्या पयल्या दोनासारखाच काढला न्हवं? नरसय्याच्या मागावर. श्रावणात."

चेष्टा नव्हती, तक्रारही नव्हती. तो फक्त विचारत होता.

तुम्ही सोलापूरचे असाल तर पुढचं सांगायला नको. श्रावणात हवेला ओल असते, सूत मऊ राहतं, तुटत नाही. चैत्रात तेच सूत कोरडं होऊन कटाकट तुटतं. प्रत्येक वेळी माग थांबवा, टोक शोधा, गाठ मारा. नव्या मागांचा चौतीस मीटरचा आकडा साहेबांनीच काढला होता, श्रावणातल्या ओलसर हवेत, गिरणीतल्या सगळ्यात चांगल्या हातावर. त्या दिवशी त्यांनी काच पुसली नाही आणि 'बघू'ही म्हणाले नाहीत. तबकडी माझ्याकडं देऊन खोलीवर निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते शेडमध्ये. कुणी सांगितलं नव्हतं. बारा दिवस, तिन्ही पाळ्या, सगळे माग. कागद घेऊन आले तेव्हा डोळे लाल झाले होते. चैत्रातला आकडा निघाला तीस.

मी त्यांना खूप समजावलं. आज लाज वाटते, पण समजावलं. म्हटलं, "साहेब, जूनमध्ये तुमचं कायमचं पत्र निघायचंय. कशाला हात दाखवून अवलक्षण? पाऊस पडला की सूत आपोआप सुधारेल."

"सूत सुधरंल," ते म्हणाले. "मल्लप्पाचा मेमो येत्या सोमवारी हाय."

मॅनेजरसाहेबांच्या खोलीत फाइल घेऊन मीच गेलो होतो, म्हणून सगळं कानांनी ऐकलं. मॅनेजर बराच वेळ कागद चाळत होते. मग म्हणाले, "आधीच्या आकड्यावर सही कुणाची आहे?"

"माझीच."

"आणि ह्यावर?"

"हीबी माझीच. पयल्या वेळी मी चांगल्या माणसाचं काम मोजलं, चांगल्या दिवसांत. ते सगळ्यांवर लावलं. चूक झाली माझी."

"स्वतःचाच आकडा चुकला म्हणून लिहून देणाऱ्याला मी कायम कसा करू? उद्या कामगार तुमच्या प्रत्येक आकड्यावर बोट ठेवतील."

साहेब म्हणाले, "ठेवू द्यात. पण सोमवारच्या आत सही करा."

सही झाली. मॅनेजर काही वाईट माणूस नव्हते. कागद खरा आहे हे त्यांना कळत होतं. उन्हाळ्याचा आकडा तीस झाला. मल्लप्पाचा तिसरा मेमो निघालाच नाही. आणि जूनमध्ये साहेबांचं पत्र निघालं, आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही म्हणून. ते मीच टाइप केलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. "चूक न्हाय एकबी," म्हणाले. मी त्या माणसासाठी एक शब्द काढला नाही, मॅनेजरपुढं नाही आणि त्यांच्यापुढंही नाही.

निघायच्या दिवशी साडेअकराला ते टेबल आवरत होते, आणि दारात मल्लप्पा. अंगाला सगळी सुताची कुसं चिकटलेली. भर पाळीत.

"अरे, माग?" साहेब दचकलेच.

"बंद ठेवून आलोय."

"जा माघारी. आकडा कमी भरंल तुझा!"

"भरू दे," मल्लप्पा म्हणाला आणि त्यानं दाराशी ठेवलेली साहेबांची ट्रंक उचलली. मागं नरसय्या उभा होता, आणखी दोघं होते. साहेब त्यांच्यावर रागावले, खरोखर रागावले, घड्याळ दाखवून मिनिटं सांगायला लागले. कुणी ऐकलं नाही. चौघं त्यांच्याबरोबर गेटपर्यंत गेले, टांग्यात ट्रंक चढवली आणि टांगा वळेपर्यंत तिथंच उभे राहिले. मी खिडकीतून बघत होतो.

साहेब पुन्हा कधी भेटले नाहीत. मंगळवेढ्याला शेती बघतात, असं कुणीतरी सांगितलं. मी दोन पत्रं लिहायला घेतली आणि दोन्ही फाडली.

त्या संध्याकाळी पाळीचा तक्ता माझ्याकडं आला. चार माग तिसाच्या खाली होते. कमी भरलेल्या मागापुढं कारण लिहायला एक रकाना असायचा. तिथं सगळे कारकून डोळे मिटून 'सूत तुटले' असं लिहायचे, कुणी विचारायचं नाही. मी पेन उघडलं. चारही मागांपुढं लिहिलं, 'साहेबांना निरोप द्यायला गेले होते', आणि खाली माझं पूर्ण नाव घालून सही केली.