कोंबाशिवायचा गहू

आत्या खरं तर एकाचीच आत्या. भाचा गहू संशोधन संस्थेच्या गाडीवर ड्रायव्हर. त्याचं ऐकून प्रयोगशाळेच्या मॅडमसकट सगळे तिला आत्याच म्हणू लागले.

उभं आयुष्य तिने काचघरातल्या कुंड्यांत गहू वाढवला. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा मॅडमनी तिला आत प्रयोगशाळेत बसवलं. काम बसून होतं, सोपं नव्हतं. दुधात आलेला, अजून कोवळा दाणा ओंबीतून काढायचा, मायक्रोस्कोपखाली चिरायचा, आतला मोहरीहून बारीक गर्भ चिमट्याने उचलायचा. त्याचा कोंब पात्याने उडवायचा आणि उरलेली चकती डबीत नीट मांडायची. मग मॅडम तिच्यावर जिवाणूंचं पाणी सोडत. गव्हाच्या पेशीत नवं जनुक पोचवायचं काम त्या जिवाणूंचं. पूर्वी सोन्याच्या कणांवर जनुक चढवून बंदुकीने मारत. ती बंदूक आता कोपऱ्यात धूळ खात होती.

पहिल्या डब्या आठवड्यात हिरव्यागार झाल्या. आत्या हरखली. मॅडमनी झाकण उचललं नि कपाळाला हात लावला.

"आत्या, कोंब काढलेच नाहीत?"

"जिवंत कोंब कापायला हात धजेना, बाई. पण उगवलंय बघा कसं!"

"जुनाच गहू उगवलाय. कोंब राहिला की डबीतलं सगळं खाद्य तोच खातो, चकती वाढत नाही. आणि नवं रोप यायचं ते चकतीतूनच. पुन्हा असं झालं तर मला तुम्हाला कुंड्यांकडे पाठवावं लागेल."

परतताना गाडीत भाचा खिदळला. "जन्मभर गहू उगवू दिलास, आता उगवू न द्यायचा पगार! नशीब काढलंस."

"मेल्या, पुढे बघून चालव. कोंब नाही तर चकती वाढते कशाच्या जोरावर, ते सांग."

"मला इंजिनातलं विचार."

दुसऱ्या दिवशी आत्याने पातं धरलं. पहिला गर्भ चेचला, दुसरा तिरका कापला गेला. दोन्ही टाकले. वाईट कापलेलं डबीत जाऊ द्यायचं नाही, मग मानेचा काटा ढिला झाला तरी बेहत्तर. डबी भरायला दुपार टळली.

जिवाणू लावून झाल्यावर, दोन-तीन दिवसांनी मॅडमनी त्यातल्या थोड्या चकत्या रंगात बुडवल्या. नव्या जनुकासोबत एक खुणेचं जनुक धाडलेलं असतं. ते शिरलं तिथे निळा ठिपका उमटतो. पण रंगात गेलेली चकती मरते.

"म्हणजे पाहायचं तर मारायचं?"

"थोड्या माराव्या लागतात. रोपं बाकीच्यांतून."

सकाळी आत्याने मायक्रोस्कोपला डोळा लावला. पांढऱ्या चकतीवर निळे ठिपके, कुणी शाई झटकावी तसे.

"शाबास!" मॅडम म्हणाल्या. "आता हे टेबल तुमचं."

आत्याने मान वर केलीच नाही. "बाई, ही शेजारची कोरीच आहे. कापली तर दोन्ही सारखीच होती. हिच्यात का नाही शिरलं?"

तिला बाजूला करून मॅडम वाकल्या. चिमट्याने चकती उलटून पाहिली. "काय की. मलाही कळत नाही."

"मग सरका जरा," आत्या म्हणाली, "मला पुन्हा बघू द्या."