आज तुमची मुलगी येणार हं

दहावीला मार्क मिळतात म्हणून पुण्यात मी फ्रेंच घेतलं होतं. त्याचा कधी उपयोग होईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीपायी नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला आले, घरात बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा जवळच्या वृद्धाश्रमात आठवड्यातून एक दुपार जायला लागले. तिथे एक बेल्जियन बाई होत्या. डच पार विसरलेल्या, फक्त फ्रेंच उरलेलं. मला त्यांच्यापाशी बसवलं.

बाई सिनेमातल्या नटी. नन, राणी, दारुडी, खुनी, विनोदी विधवा, उतारवयात टीव्हीवर पोलीस अधिकारी. त्यांच्या मुलीने भिंतीवर या सगळ्या भूमिकांचे फोटो लावले होते. एकीचा चेहरा दुसरीशी जुळेल तर शपथ. मी फोटोवर बोट ठेवलं की बाईंची मान, आवाज, बसणं, सगळं बदलायचं. राणी कॉफी मागायची तेव्हा मी चक्क उभी राहायचे. ओळखत नव्हत्या त्या फक्त मुलीला. ती दर आठवड्याला ब्रेडाहून यायची आणि रडत परत जायची. मला ते बघवेना.

आपल्याकडे पाहुणे यायच्या आधी म्हाताऱ्या माणसाच्या कानात सांगून ठेवतात, अमकी येतेय हं, ओळख दाखवा. मीही तेच केलं. नको तिथे शहाणपणा, दुसरं काय.

"आज तुमची मुलगी येणार हं. निळा कोट, आखूड केस."

"म्हणजे मी आई?" बाईंनी विचारलं. "प्रेमळ?"

मी हो म्हटलं. त्यांनी केस सारखे केले.

मुलगी आत आली तशी बाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "किती वाळलीस गं." मुलगी मटकन खाली बसली. मलाही रडू आवरेना.

मग दर आठवड्याला तेच. मुलगी माझा हात धरून म्हणायची, आईला मी आठवते. काय बोलणार मी? खरं सांगितलं तर तिची आई दुसऱ्यांदा जाणार. नवरा म्हणाला, "कशाला पडलीस त्यात?" अरे, पडले ना, आता बाहेर कशी येऊ ते सांग.

एका दुपारी ती हसतच आली. घरातली खालची खोली रिकामी केली होती, नोकरी सोडली होती. आईला कायमची घरी नेणार होती. थांब म्हणावं, सगळं सांगावं असं वाटत होतं, आणि मी नुसती बाईंची शाल सारखी करत राहिले.

"येशील ना माझ्याकडे?" तिने आईला विचारलं.

बाईंनी तिचं नीट ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून, सेटवर कामाचं बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "मुलीचं काम हीच करणार ना? चांगली आहे. अगदी खरी वाटते."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मला मान वर करवेना. मग तिने कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि आईला म्हणाली, "हो. मीच करणार."