पर्जन्यमापकावरचं छप्पर

शिरूर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरचं पर्जन्यमापक सोजराआत्या सांभाळायची. रोज सकाळी त्यातलं पाणी मोजून तालुक्याच्या कचेरीत फोनवर आकडा कळवायची. दोन हजार तीनच्या दुष्काळात पाहणीला बडे पाहुणे येणार म्हणून एका पुढाऱ्यानं त्यावर पत्र्याचं छप्पर ठोकलं, वर स्वतःच्या नावाची पाटी! रात्री पाऊस झाला, पण मापक कोरडं ते कोरडंच.

"पाऊस झालाय, पर वर पत्रा हाय!" आत्या फोनवर ओरडली.

"आकडा तेवढा सांगा," म्हणत पलीकडच्यानं शून्य लिहून घेतलं. अख्ख्या देशाचा पाऊस म्हणे असल्याच आकड्यांवरून ठरवतात!

आत्या तडक पत्रा उचकटायला लागली. पुढारी धावत आला, "आत्या, सरकारी वस्तू भिजंल की!"

"आरं मुडद्या, भिजायलाच ठिवलीय ती!"