लुपेविना आठ दिवस

आमच्या फोआ बेटावर कालोलाइनेइतकी बारीक चटई विणणारी दुसरी नाही. बोलणं कमी, हात सतत चालू. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर तिला मुलगी झाली, लुपे. ती पाच महिन्यांची असताना कालोलाइनेच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशनसाठी बोटीनं राजधानीला जायला हवं होतं.

लुपेलाही नेते, म्हणून ती हटून बसली. पण आमच्याकडे मुलाच्या बाबतीत आईबापापेक्षा आत्याचा शब्द मोठा. तिच्या नवऱ्याची थोरली बहीण फुसी म्हणाली, "समुद्र बघितलास का कसा खवळलाय? पोर माझ्याकडे राहील. डब्याचं दूध पाजीन मी." कालोलाइनेनं मान खाली घातली. नवरा, फेलेती, बहिणीपुढे कधी बोलला नव्हता, तेव्हाही नाही. सोबतीला मी गेले, शेजारीण म्हणून.

ऑपरेशन नीट झालं. गुंगी उतरल्यावर तिनं नर्सबाईंना पहिला प्रश्न विचारला, "सिस्टर, माझं दूध बिघडलं का हो?"

"कशानं बिघडेल? धड जाग आली, बाळ नीट धरता आलं, की पाजायला हरकत नाही. गोळ्यासुद्धा डॉक्टरांनी पाजणाऱ्या बाईला चालतील अशाच दिल्यात. बाळ फारच पेंगुळलेलं वाटलं, तर मात्र लगेच दाखवायचं. कुठाय बाळ?"

"बेटावर."

नर्सबाई म्हणाल्या, "मग दर तीन तासांनी दूध पिळून काढ. नाहीतर आटेल."

ती वाटीत काढायची. बोट आठवड्यातून एकदा, पाठवणार कसं? वाटी माझ्या हातात द्यायची आणि मी ती मोरीत ओतेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडायची. पलीकडे कुणाचं मूल रडलं की तिच्या झग्यावर ओले डाग उमटायचे.

"अगं, आपली नव्हे ती," मी म्हणायची.

"मला कळतंय गं," ती छातीवर हात ठेवून म्हणायची, "हिला कळत नाही ना."

आठव्या दिवशी धक्क्यावर उतरलो. फुसीच्या कडेवर लुपे होती. कालोलाइनेनं हात पुढे केले. लुपेनं तिच्याकडे पाहिलं आणि आत्याच्या मानेत तोंड लपवलं.

घरी आल्यावर फुसी म्हणाली, "खबरदार पाजशील तर! सुरी लागलेल्या अंगाचं दूध. महिनाभर नाही."

"वन्सं, सिस्टरनी सांगितलंय, चिठ्ठीपण दिलीय..."

"ती सिस्टर माझ्या लुपेची कोण लागते?"

"मी आई आहे तिची, वन्सं."

आवाज हळूच होता, पण फेलेती डुकरं बघायच्या निमित्तानं उठून बाहेर गेला.

"आई! आणि आठ दिवस मी कोण होते?" तिला स्वतःचं मूल नाही, हे आम्ही सगळेच जाणतो.

"तुम्हीच तर होता. म्हणून तुम्हाला विचारतेय. नाहीतर गुपचूप पाजलं नसतं का?"

फुसीनं चिठ्ठी उचलली आणि लुपेला घेऊन गावच्या दवाखान्यात गेली. तिथल्या नर्सनंही तेच सांगितलं. परत आली ती एकच शब्द बोलली, "पाज."

पण आता लुपेच घेईना. बाटलीची सवय लागलेली. दोन दिवस ती तोंड फिरवून रडत राहिली. उपाशी नको म्हणून बाटली चालूच ठेवली, आणि एरवी कालोलाइने तिला उघड्या छातीशी घेऊन पडून राहायची. टाके ओढायचे, तरी खाली ठेवत नव्हती. "विसरली मला," एवढंच म्हणायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी फुसी आली. कालोलाइनेला कुशीवर निजवलं, अर्धवट झोपेतल्या लुपेला पाठीमागून आधार देऊन जवळ नेलं. "घे गं बाय, तुझंच आहे."

लुपेनं चाचपडलं, सोडलं, पुन्हा धरलं. मग घोट गिळल्याचा आवाज आम्हा तिघींना ऐकू आला. कालोलाइनेचे डोळे मिटलेलेच होते, पण वाहत होते. फुसीचा हात अवघडला असणार, तरी तिनं तो काढला नाही.

दूध पुरतं यायला दोनेक आठवडे लागले. लुपे आता चार वर्षांची आहे. दर शनिवारी आत्याकडे राहायला जाते, रविवारी तिच्यासोबतच चर्चला येते. शनिवारी संध्याकाळी कालोलाइने उगाच दारात येऊन फुसीच्या घराकडे बघत उभी राहते.